पुढे ढकललेली विक्री

“मला अहवाल नको, आकडा हवाय,” प्रांतसाहेब म्हणाले. “बाजार एक दिवस बंद राहिला की या गावाचं किती नुकसान होतं, तेवढंच सांगा.”

त्यांच्या टेबलापासून लांब, दाराजवळ ठेवलेल्या खुर्चीत मी बसले होते. दोघांच्या तोंडावर मास्क असल्यामुळे साधं वाक्यसुद्धा चढ्या आवाजात बोलावं लागत होतं. दोन हजार एकवीसचा जून. बाकीचे जिल्हे एकेक करून उघडत होते, आमच्याकडची रुग्णसंख्या मात्र खाली यायला तयार नव्हती. किराणा, औषधं आणि दूध सोडलं तर बाजारपेठेची शटरं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जी खाली आली होती, ती तशीच होती. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, एवढं पुरे.

“गुरुवारी बैठक आहे,” साहेब म्हणाले. “बाजार उघडला तर किती खाटा लागतील, तो आकडा डॉक्टर आणतील. व्यापारी मंडळी त्यांचा आकडा आणतील, तो मी धरणार नाही. दुसऱ्या बाजूचा आकडा तुमचा. दोन्ही समोर ठेवू आणि वर कळवू, सोमवारी उघडायचं की आणखी तीन आठवडे थांबायचं.”

मी तिथे सांख्यिकी सहायक होते. कार्यालयातले दोघं विलगीकरणात होते, त्यामुळे काम दुसऱ्या कुणाकडे जाणार नव्हतं. मी उठले तेव्हा साहेब जरा घुटमळले.

“हिंगमिरे मॅडम, तुमच्या घरचं कळलं मला. रजा हवी असेल तर…”

“नको, सर.”

रजा घेऊन जायचं कुठे? माझा भाऊ, सुहासदादा, जाऊन पाच आठवडे झाले होते. सोलापूरला. शेवटचं पाहिलं ते वॉर्डातल्या एका नर्सबाईंनी लावून दिलेल्या व्हिडिओ कॉलवर, आणि तेराव्याचे विधी वहिनीनं फोन भिंतीला टेकवून दाखवले. मध्येच फोन घसरला आणि बराच वेळ मला नुसतं छत दिसत होतं. आईवडील आधीच गेलेले. मी शिक्षक कॉलनीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटी राहत होते. घरमालक चांगले होते, पण ते वरच्या गॅलरीतूनच बोलत. दिवसाकाठी माझं जे काही बोलणं व्हायचं ते दूधवाल्याशी, तेही गेटच्या आतून.

त्या सोमवारी मी स्कूटी काढली आणि हातात कागद लावलेलं पॅड धरून बाजारात शिरले. अडीचशेवर बंद दुकानं होती. त्यातली चाळीस निवडली, प्रत्येक धंद्यातली थोडी. प्रश्न सहा. पहिले पाच सोपे होते, विक्री किती, खर्च किती, माणसं किती, असे. सहावा मी स्वतः घातला होता: गिऱ्हाईक ही खरेदी नंतर करेल, की ती कायमची गेली?

याला आमच्या कामात महत्त्व असतं. एखाद्यानं पंखा या महिन्यात घेतला नाही तर पुढच्या महिन्यात घेईल. ती विक्री बुडाली नाही, पुढे ढकलली गेली, म्हणून ती नुकसानीतून वजा करायची. पण न्हाव्याकडे दोन महिने न गेलेला माणूस नंतर एकदम चार वेळा केस कापून घेत नाही. ती गेलीच. अशी पुढे ढकललेली विक्री किती टक्के धरायची, यावर अख्खा आकडा वरखाली होतो.

लोक भरभरून बोलत. कापडदुकानाचे गुगळे गॅलरीत उभे राहून म्हणाले, “लाख लिहा, मॅडम.”

“रोजचे?”

“मग काय महिन्याचे?”

त्यांच्या मागून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, खरं सांगा. त्या लिहून घेतायत.” मग खरं किती ते दोघांनी आपापसात ठरवलं आणि मला कळवलं.

हार्डवेअरवाल्यानं मला अर्धा तास उभं केलं. फोटोग्राफरनं न झालेल्या लग्नांची वही वाचून दाखवली. एका दुकानाला दहा मिनिटं पुरली असती, मी वीस-पंचवीस लावत होते. खरं सांगायचं तर मला तेवढंच माणसाचं बोलणं ऐकायला मिळत होतं.

मंगळवारी दुपारी मी इंदूमती रासने यांच्याकडे गेले. कासार गल्लीत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. दहा फुटांचा गाळा, मागे एक खोली, खोलीत त्या एकट्या. नवरा बारा वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. सगळं गाव त्यांना इंदूमावशी म्हणे.

“शटर उघडलं तर दंड करतात,” त्या म्हणाल्या. “मागच्या दारानं या.”

आत अंधुक उजेड होता आणि छतापर्यंत खोके रचलेले होते. मी स्टुलावर बसले. त्या जमिनीवर, गिऱ्हाइकासमोर बसायच्या त्या जागी बसल्या.

“सगळा हंगामाचा माल हाय,” त्या म्हणाल्या. “फेब्रुवारीत भरला. पुण्याच्या व्यापाऱ्याला निम्मं दिलं, निम्मं लग्नं झाल्यावर द्यायचं ठरलं. आन् मग हे सुरू झालं.”

“पण मावशी, लग्नं तर झालीच ना? पंचवीस माणसांत का होईना.”

“झाली की. चुडा कुठनंतरी मागवला आन् घरच्या घरी भरला. कुणाची तरी आत्या बसणार भरायला, दोन वाढवणार.” बांगडी फुटली असं त्या म्हणत नसत.

मी सहावा प्रश्न विचारला. ही गिऱ्हाइकं नंतर येतील का?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, यंदाची नवरी पुढल्या वर्षी परत नवरी होत नसती.”

मी रकान्यात लिहिलं: कायमची गेली.

“सोमवारी उघडलं तर?”

“जुलैत पंधरा तारखेपर्यंत शेवटच्या तिथी हायत. अकरा घरांनी मला सांगून ठेवलंय. तेवढ्यात भाडं तुंबलंय ते भागंल, पुण्याचंही काहीतरी देता येईल. मग श्रावण येतो. श्रावणात मी तरते.”

“आणि नाही उघडलं तर?”

“तर न्हाई,” त्या म्हणाल्या. ओरडून नाही, रडूनही नाही. मी ते कुठल्या रकान्यात घालावं ते मला कळलं नाही, म्हणून पेन बंद केलं.

“घरी कोण कोण असतं?” त्यांनी विचारलं.

“मीच.”

“हात बघू.”

“मावशी, अंतर ठेवायला सांगितलंय…”

“सॅनिटायझर हाय की.” त्यांनी बाटली पुढे केली. आधी माझ्या हातावर, मग स्वतःच्या. मग माझा उजवा हात त्यांनी आपल्या गुडघ्यावर ओढून घेतला, बोटं मिटवली आणि अंगठ्याखालचं हाड हलकेच दाबून पाहिलं.

“सव्वादोन,” त्या म्हणाल्या. “हाडं बारीक हायत.”

मी कॉलेजनंतर बांगड्या घातल्या नव्हत्या. घड्याळ, बस्स. त्या एका हातानं माझी बोटं चोळत होत्या, दुसऱ्या हातानं बांगडी सरकवत होत्या, घाई न करता. एप्रिलपासून मला कुणाचा हात लागला नव्हता. दादा गेला त्या दिवशीही नाही. माझे डोळे वाहायला लागले तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही. लक्ष बांगडीकडेच ठेवलं आणि म्हणाल्या, “सैल सोड. आवळून धरलास तर लागतं.”

मी त्यांना दादाचं सांगितलं. झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान होतं, बावन्न वर्षांचा होता, अकरा दिवस रुग्णालयात होता.

“दुकानदार होता म्हणजे,” त्या म्हणाल्या. “तुझा हा कागद त्याला बरोबर कळला असता.”

दोन्ही हातांत चार चार बांगड्या झाल्या. मी पर्स उघडली तर म्हणाल्या, “उघडल्यावर दे.” मी त्यांना माझा नंबर दिला. बैठक झाली की काय ठरलं ते विचारीन, असं त्या म्हणाल्या.

बुधवारी दुपारी मी हिशेबाला बसले. कार्यालयात माझ्याशिवाय शिपाई तेवढा होता आणि तोही व्हरांड्यात. चाळीस कागदांवरची सहाव्या प्रश्नाची उत्तरं मोजली. लोकांच्या सांगण्याप्रमाणे पुढे ढकललेली विक्री साधारण पाव हिश्श्याची होती. तशी ती वजा केली तर गावाचं रोजचं नुकसान चौदा लाख येत होतं. आकडा मोठा होता. मी तो बराच वेळ पाहत राहिले.

दादाबद्दल मी मावशींना सगळं सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला होता. सोलापूरलाही बंदच होतं. तो म्हणाला, “शैला, शटर अर्धं वर करून बसतोय. लोकांना फॉर्म लागतात, दाखले लागतात. कुणी काही म्हणत नाही.”

“दादा, नको. घरी बस. महिनाभराचा प्रश्न आहे.”

तो हसला. “तुझा पगार चालू आहे गं,” एवढंच म्हणाला.

ते आमचं शेवटचं धड बोलणं. मग तो आजारी पडला. आजार दुकानातूनच आला असं कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. त्याच आठवड्यात वहिनीचा भाऊ घरी येऊन गेला होता, दादा बँकेच्या रांगेतही उभा राहिला होता. पण मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं: दुकानानं नेलं. आणि हे चौदा लाख समोर ठेवले तर सोमवारी अडीचशे शटरं वर जाणार होती. प्रत्येक शटरामागे मला दादा बसलेला दिसत होता.

मी पाव हिस्सा खोडला आणि तिथे साठ टक्के घातले. सरसकट, सगळ्या धंद्यांना. पंख्यांना साठ, कपड्यांना साठ, न्हाव्यांना साठ. बांगड्यांच्या ओळीत साठ लिहिताना बांगड्या टेबलावर वाजल्या, म्हणून मी त्या कोपराकडे सरकवल्या आणि पुढे लिहिलं. मी खोटं लिहीत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. कुठल्या ना कुठल्या अभ्यासात कुणीतरी साठ टक्के धरले असतीलच. नुकसान साडेसात लाखांवर आलं.

गुरुवारी बैठकीत दहाबारा माणसं होती, खिडक्या सताड उघड्या. डॉक्टरांनी खाटांचा तक्ता मांडला, मी माझा. व्यापारी संघाचे अध्यक्ष थोडा वेळ कागद न्याहाळत राहिले.

“हे फार कमी आहे, साहेब,” ते म्हणाले. “मॅडम दोन-तीन दिवस हिंडल्या, आम्ही पाहिलंय. पण हे आमचं बाजारातलं चित्र नाही.”

साहेब माझ्याकडे वळले. “या साठ टक्क्यांना आधार काय?”

तिथे मला थांबता आलं असतं. तपासून सांगते, एवढं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, “प्रत्यक्ष भेटी, सर. लोकांनीच सांगितलंय.”

अध्यक्षांनी कागद खाली ठेवला. आपल्याच लोकांनी सांगितलं म्हटल्यावर ते काय बोलणार? बाजार तीन आठवडे बंद ठेवण्याची शिफारस गेली आणि ती तशीच मान्य झाली.

संध्याकाळी मावशींचा फोन आला. “काय झालं गं?”

“आणखी तीन आठवडे, मावशी.”

मग त्या म्हणाल्या, “तू सांगितलंस ना माझं?”

“सांगितलं.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग तू तरी काय करणार?”

त्यानंतर मी कासार गल्लीतून जायचं टाळलं. बांगड्या काढून कपाटात ठेवल्या. वहिनीचे फोन येत, मी दोनचार शब्दांत आटपत असे. तिसऱ्या आठवड्यात रुग्णसंख्या खरोखर उतरली. रुग्णालयाच्या आवारात डॉक्टर भेटले, म्हणाले, “तुमच्या कागदानं मोठं काम केलं, मॅडम. नाहीतर आम्ही हात टेकले असते.” मी घरी आले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. काही माणसं वाचली असणार, असं मला आजही वाटतं. कोण, ते कुणालाच सांगता येणार नाही. तीन आठवड्यांमुळे वाचली की लाट आपोआपच उतरणार होती, तेही नाही.

जुलैच्या मध्यावर बाजार उघडला. आठदहा दिवस जाऊ दिले आणि मग मी इंदूमावशींकडे गेले. गाळ्यावर मोबाइलच्या दुकानाची पाटी लावायचं काम चाललं होतं. शेजारचे सोनार बाहेर आले.

“मावशी गेल्या की,” ते म्हणाले. “माल पुण्याच्याला परत दिला, मिळंल त्या भावात. भाचीकडं गेल्यात, हुपरीला. तिथं चांदीचं काम असतं बायकांना.”

“कधी?”

“आठ दिवस झाले. तिथी संपल्या तशा गेल्या.”

पुढे मला बढती मिळाली. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात साहेबांनी माझ्या नावापुढे चांगलं लिहिलं होतं, त्यात या कामाचाही उल्लेख होता. दोन हजार तेवीसमध्ये माझी कोल्हापूरला बदली झाली. तिथून हुपरी तासाभराच्या आत. तेवढं अंतर जायला मला दीड वर्ष लागलं.

एका रविवारी दुपारी बारा-साडेबाराला मी पोचले. विचारत विचारत घर सापडलं. पुढच्या खोलीत उजेडाकडे तोंड करून इंदूमावशी बसल्या होत्या. मांडीवर फडकं, फडक्यावर चांदीच्या बारीक कड्या, हातात चिमटा. पैंजणाच्या साखळ्या जोडत होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. मी दारात उभी राहिले तर त्यांनी अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

“मावशी, मी हिंगमिरे. बाजाराचं लिहून घ्यायला आले होते.”

आवाजावरून त्यांनी ओळखलं. चिमटा तसाच धरून त्या माझा चेहरा निरखत राहिल्या. “अशी दिसतीस व्हय तू,” त्या म्हणाल्या. “मास्कशिवाय कवा बघितलंच न्हवतं तुला. बस.”

मी बसले. प्रकृतीचं, भाचीचं, कामाचं विचारून झालं. एका दिवसात किती साखळी होते ते त्यांनी सांगितलं. मग मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. सहावा प्रश्न, त्यांचं उत्तर, पाव हिस्सा, साठ टक्के, बैठकीत मी काय म्हणाले ते, आणि फोनवर काय म्हणाले तेही. दादाच्या अर्ध्या शटराचंही. त्या ऐकत होत्या आणि कड्या जोडत होत्या. माझं संपल्यावरही दोनतीन कड्या जोडून झाल्या.

“भावाला जाऊन तवा किती दिवस झालं हुतं?”

“पाच आठवडे.”

त्यांनी मान हलवली. “सोमवारी उघडलं असतं तर मी तरले असते, असं काय छातीठोक सांगता यायचं न्हाई. त्या अकरा घरांतल्या तिघांनी लग्नंच म्होरं नेली. आन् गर्दी झाली असती तर कुणाच्या घरातलं कोण गेलं असतं, मी सुदिक गेले असते. कोण सांगणार?”

मला सुटल्यासारखं वाटलं. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

“तसं न्हवं,” त्या म्हणाल्या. “तू मला इचारलंस. मी तुला घरात घेतलं, बसवलं, आन् हाय तसं सांगितलं. गुगळ्यानं म्हणं लाख सांगितलं, मी न्हाई सांगितलं. ते तसंच लिवायचं हुतंस. म्होरं काय करायचं ते त्या साहेबानं बघितलं असतं. तू मला काय देणं लागत न्हवतीस. तेवढंच लागत हुतीस.”

“हो,” मी म्हणाले.

आतून भाची चहा घेऊन आली. तिशीची, हसऱ्या चेहऱ्याची. माझ्या हातात कप देताना तिनं विचारलं, “कोण गं मावशी या?”

“आमच्या गावात सरकारी कामावर हुत्या,” इंदूमावशी म्हणाल्या. “बंदच्या वक्ताला दुकानदारांकडनं म्हायती लिवून घ्यायला आलेल्या. माझ्याकडं बी आलेल्या.”

“मग?” भाचीनं सहज माझ्याकडे बघत विचारलं. “लिहिलं का मावशीचं?”

इंदूमावशींनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी द्यावं म्हणून त्या थांबल्या होत्या.

“नाही,” मी म्हणाले.